उसनं घर

बुधीकाकीचं घर आमच्या पाड्यातलं सगळ्यात गरीब घर, आणि म्हणूनच त्या वर्षी त्याला सगळ्यात जास्त मागणी आली.

मी हे गमतीनं सांगतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. तेव्हा मलाही ती गंमतच वाटली होती. माझं नाव चिमण. मी गावचा रोजगार सेवक. म्हणजे सरकारी नोकर नव्हे, पण गावातली सगळी सरकारी कामं माझ्याच गळ्यात. रोजगार हमीची हजेरी मी घ्यायची, शौचालयांचे फोटो मी काढायचे, आणि मागच्या चैत्रात घरकुलाचा सर्व्हे आला तोही माझ्याच मोबाईलवर. प्रत्येक कुटुंबाची माहिती भरायची, चेहरा ओळखला जावा म्हणून घरातल्या बाईला मोबाईलसमोर डोळे मिचकावायला सांगायचं, आणि तिला तिच्या कच्च्या घरासमोर उभी करून फोटो घ्यायचा. कच्चं हा शब्द महत्त्वाचा. वर ऑफिसात बसलेल्या माणसाला फोटोत वीट दिसली की नाव बाद, मग आत पाणी गळत असो की भिंतीला हात घालण्याएवढी भेग असो.

आता आमच्या पाड्यात पूर्ण पक्कं घर एकही नाही, आणि पूर्ण कच्चंही एकच उरलेलं. बाकीच्यांनी जमेल तसं जोडत नेलंय. कुणाच्या दोन भिंती विटांच्या आणि दोन कुडाच्या, कुणाच्या खिडकीपर्यंत विटा आणि वर पत्रे. एवढ्यानं माणूस सुखी होत नाही, पण सरकारच्या हिशेबात श्रीमंत मात्र होतो. बुधीकाकी एकटी विधवा, लेक तलासरीकडे दिलेली. तिनं काहीच जोडलं नव्हतं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमाती, वर जुनी कौलं. काका गेल्यापासून तेवढंच सारवत, लिंपत ती राहत होती.

महालक्ष्मीच्या जत्रेत सगळा पाडा आठ दिवस रिकामा होता, त्यामुळे माझा सर्व्हे मागे पडला. शेवटचे तीन दिवस उरले तेव्हा माझी थोरली बहीण जमना माझ्या मोबाईलपुढे उभी राहिली. तिचं लग्न पाड्यातच झालं. नवरा उंबरगावकडे कंपनीत, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. तीन पोरं. तिच्या घराला कमरेपर्यंत विटा.

"माझा फोटो काकीच्या घरासमोर काढ ना," ती म्हणाली. "माझ्या इटा दिसतील नाय तर."

मी काय म्हणालो असेन? नियम सांगितला असता तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे एक रीत आहे, आणि ती माझ्या हाडात आहे. लग्नाचा मोठा टोप पाड्यात एकाच घरात, तो सगळ्यांचा. बैलांची जोडी दोघांकडे, ती सगळ्यांच्या शेतात. कुणी मागितलं आणि आपण नाही म्हटलं, असं इथे होत नाही. ज्याच्याकडे मागायला कुणी जात नाही त्या माणसाची पाड्यात किंमत नसते. काकीकडे आजवर कुणी काही मागायला गेलं नव्हतं, कारण तिच्याकडे देण्यासारखं काही नव्हतंच.

मी विचारलं तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत होती. तिचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच शरम वाटायला हवी होती.

"काढा ना! फोटो काढल्यानं काय घर झिजतंय?"

तिनं सूप ठेवलं, अंगण झाडलं, दारावरचं फाटकं गोणपाट काढायला निघाली. जमनाच ओरडली, "नको काकी, राहू दे, तेच पाहिजे!" दोघी हसत सुटल्या. जमना दारात उभी राहिली, काकी फोटोत येऊ नये म्हणून झाडामागे जाऊन लपली, आणि मी बटण दाबलं.

तासाभरात बातमी पाड्याभर झाली. दुपारी शुक्राची बायको आली, मग बाळ्याची, मग आणखी दोघी. मी हुशार माणूस. सगळ्यांना एकाच दारात उभं केलं तर पकडलं जाणार, म्हणून कुणाला मागच्या भिंतीशी, कुणाला गोठ्याच्या बाजूला, कुणाला चुलीच्या पडवीत उभं केलं. पाच बायकांची पाच घरं केली मी एका घरातून. काकी प्रत्येकीला आधी पाणी द्यायची, मग चहा. तिच्याकडची साखर संपली तेव्हा तिनं माझ्याच घरून मागवली. एवढी माणसं तिच्या अंगणात काकाच्या तेराव्यानंतर आली नव्हती, असं तीच म्हणाली.

काकीचा स्वतःचा फोटो राहिलाच. ती काय, घरातच आहे, तिचा कधीही काढू, असं म्हणत मी तो ढकलत नेला. शेवटच्या दिवशी ऊन उतरल्यावर आठवलं. डोळे मिचकाव म्हटलं तर तिला हसू आवरेना, चार वेळा करावं लागलं. मग घाईघाईत तिला तिच्याच दारात उभी केली. जमना उभी होती त्याच दारात. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आणून दिलं पंचायत समितीतल्या साहेबांनी. जून सुरू झाला होता, मी शेतात राब भाजत होतो, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळ्यानं जाळत होतो, आणि फोन आला.

"चिमण, तुझ्या पाड्यातली सहा घरं एकाच ठिकाणी दाखवतायत. वस्ती दाट आहे समजू. पण जमना आणि बुधीबाई, यांचं दार एकच आहे. तेच गोणपाट, तीच चौकट. खरं घर कुणाचं?"

मोबाईल जागेचे आकडे आपोआप टिपतो हे मला माहीत होतं. दाराचं भान मला राहिलं नाही. खरं सांगितलं असतं तर पाचही नावं गेली असती, माझं कामही गेलं असतं, आणि पाड्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जमनाची पोरं डोळ्यांपुढे आली. हे सगळं मी एका श्वासात मोजलं असं आता म्हणतो, पण खरं तर मी काहीच मोजलं नाही. तोंडातून आपसूक निघून गेलं.

"एकच कुटुंब आहे साहेब. म्हातारी जमनाकडेच राहते."

"मग दोन नावं कशाला भरलीस? दुसरं काढतो."

"हो साहेब."

एवढंच. मी परत राब भाजायला लागलो. संध्याकाळी जेवलो, झोपलोही. माणूस किती निबर असतो हे मला त्या दिवशी कळलं नाही, नंतर कळलं.

कळलं ते ऑगस्टात. चार दिवस सारखी झड लागली आणि काकीच्या घराची मागची भिंत, जिच्यासमोर मी शुक्राच्या बायकोला उभं केलं होतं, ती आतल्या बाजूला बसली. काकी चुलीशी होती म्हणून वाचली. आम्ही सगळे धावलो. शुक्रानं बांबू आणले, बाळ्यानं दोर, मी ताडपत्री. सगळ्यांनी मिळून भिंतीला टेकू दिला. आमची माणसं वाईट नाहीत, हे मला सांगायलाच हवं. कुणालाच माहीत नव्हतं की काकीचं नाव मी कापलंय. सगळ्यांचा समज हाच की सहाही नावं वर गेली आहेत.

"यंदाचा पाऊस कसा तरी काढायचा," काकी बांबू धरून म्हणाली. "पुढल्या पावसात तर पक्का घर असंल. हां ना, चिमण?"

मी बांबू धरला होता म्हणून मला तिच्याकडे बघावं लागलं नाही.

त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही. बायकोवर खेकसायचो. कुणी घरकुलाची चौकशी केली की अंगावर जायचो. काकीच्या घरावरून जाणं टाळायचं तर नाल्यातून जावं लागे, तर मी नाल्यातून जायला लागलो. गुडघाभर पाण्यातून. शेवटी सप्टेंबरात एका दुपारी, पाऊस उघडला होता, मी तिच्या अंगणात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. फोन, दार, जमना, "एकच कुटुंब", सगळं. सांगताना मी रडलो. खोटं कशाला बोलू, मला आशा होती की ती मला शिव्या देईल आणि मी मोकळा होईन.

ती कोंबडीला दाणे टाकत राहिली.

"म्हणजे मना घर नाय," ती म्हणाली.

"नाही काकी. पण अजून होईल. ग्रामसभेत यादी वाचतात तेव्हा हरकत घेता येते. मी सगळ्यांसमोर खरं सांगतो. तुझं नाव परत येईल."

"आणि जमनाचा?"

मी जमिनीवरची काडी उचलून मोडली.

"शुक्राचा? बाळ्याचा?"

"चौकशी होईल."

तिनं उरलेले दाणे एकदम टाकले आणि हात झटकले. "नको बोलू. घर मीच दिलेला. कोणी चोरला नाय. मना पाऊस सोसतो, चिमण. पाड्याशी वैर नाय सोसणार. एकटी बाई मी."

मी म्हटलं, तुला पुढचा पाऊस सोसणार नाही, ती भिंत राहणार नाही. ती म्हणाली, लेकीकडे जाईन चार महिने. मी म्हटलं, लेकीचं घर केवढं आहे ते मला माहीत आहे. ती चिडली.

"मी सांगती ना तुला, नको बोलू! माझ्या पायावर हात ठेव."

मी ठेवला, बोलणार नाही अशी शप्पथ घेतली. हे लिहिताना माझा तोच हात पुढे आहे.

ऑक्टोबरच्या दोन तारखेची ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या, सगळ्यांशी नीट बोलणाऱ्या. त्यांनी यादी वाचली. जमनाचं नाव आलं, शुक्राच्या बायकोचं, बाळ्याच्या बायकोचं. एकेका नावाला पडवीत हलकं हसू फिरत होतं. यादी संपली. काकीकडे दोन-चार माणसांनी वळून बघितलं. ती पदर डोक्यावर घेऊन खांबाशी बसली होती, आणि तिनं हातानंच 'असू दे' अशी खूण केली.

मग त्या बाई म्हणाल्या, "या गावातून एकही तक्रार आली नाही. तालुक्यात असं फार कमी होतं. तुमच्या चिमणभाऊंनी काम चोख केलंय. त्यांच्यासाठी टाळ्या."

टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होतो. वर बघितलं तर बुधीकाकीही टाळ्या वाजवत होती. मनापासून. दोन्ही हात चेहऱ्यापर्यंत उचलून, मला दिसाव्यात अशा.

ते मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं बोललो. कुणाचा फोटो कुठल्या भिंतीशी, कुठलं दार, फोनवर मी काय खोटं सांगितलं. पाचही नावं घेतली. बोलताना एकदा जमनाकडे नजर गेली. तिनं धाकट्या पोराला मांडीवरून उतरवलं आणि उठून निघून गेली. बोलून संपलं तेव्हा मला मात्र किती तरी दिवसांनी छातीत मोकळं वाटलं. हे मी कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

पाचही घरकुलं थांबली. चौकशीला माणूस आला, घरोघर फिरला. शुक्राचं आणि आणखी एकीचं घर खरंच राहण्यासारखं नव्हतं, त्यांची नावं टिकली. बाळ्याचं गेलं, एकीचं गेलं, जमनाचं गेलं. माझं काम काढून घेतलं, ते योग्यच झालं. शेजारच्या गावचा सेवक संदीप आता आमचंही गाव बघतो. आणि बुधीबाईचं नाव यादीत चढलं. जानेवारीत तिच्या हातात मंजुरीचा कागद आला.

माझ्याशी पाडा बोलणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो. पण मी मूर्ख, मला पुढचं दिसलं नाही. पाड्यानं धरून ठेवलं की बुधीनंच मला बोलायला लावलं. तिचंच नाव आलं ना? फायदा तिचाच झाला ना? आधी हौसेनं घर दिलं आणि मग तिघांचं तोडलं. बाळ्याची बायको विहिरीवर हे मोठ्यानं बोलली, आणि काकीनं रिकामी कळशी तशीच उचलून परत नेली. मी जाऊन बाळ्याला सांगितलं, शप्पथ घेतली, काकीनं तर मला अडवलं होतं म्हणून. तो म्हणाला, "तुझी शप्पथ?" आणि दार लावून घेतलं.

जमनाच्या दारात मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा तिच्या पोरानं येऊन सांगितलं की आई घरात नाही. तिसऱ्या वेळी आतून तिचा खोकला ऐकू येत होता.

मार्चात पाया खणायचा दिवस आला. कुणाचं घर उभं राहायचं असलं की आमच्याकडे दर घरातून एक माणूस येतं. गवंडी पैशानं मिळतो, पण खणायला, दगड वाहायला, माती ओढायला पाडा लागतो. सरकार देतं त्यात मजूर लावून घर पुरं होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी काकी रीतीप्रमाणे एकेका दाराशी जाऊन बोलावणं देऊन आली होती. जमनाच्याही.

मी कुदळ घेऊन सकाळी पोचलो. संदीपनं फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. काकीनं वीस माणसांचा भात आणि वालाचं कालवण चढवलं होतं. मी खणायला लागलो. जमीन कडक, वर मुरूम, दोन वीत खाली गेलं की कुदळ उडायची. ऊन चढलं. कुणी आलं नाही. काकी दर थोड्या वेळानं उठून वाटेकडे बघायची आणि परत चुलीशी जाऊन बसायची. भात झाला, तिनं झाकून ठेवला. कालवण झालं, तेही झाकलं. एका कोपऱ्याचं खणणं माझ्याच्यानं अर्धं झालं होतं.

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"चिमण, एक विचारती. त्या दिशी तू माझ्यासाठी बोललास, का तुझ्यासाठी?"

मी कुदळ टेकली. तिला हवं ते उत्तर मला देता आलं असतं. पण तिच्या पायावर हात ठेवून झाला होता, आणखी किती खोटं बोलायचं?

"माझ्यासाठी, काकी."

"हां," ती म्हणाली. "मना पण तसाच वाटला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी आणखी दोन हात खणलं असतं. तिनं माझ्या हातातली कुदळ घेतली, खड्ड्याच्या कडेला ठेवली.

"आथा घरी जा."

"अगं, पण खणणार कोण? एकटी काय करशील?"

"तू हायस तवर कोण येणार नाय. वाटेवरनं बघतात, तू दिसतोस, परत जातात. सकाळधरनं दोन वेळा मी बघितला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू गेलास तर येतील का नाय, मना ठाऊक नाय. पण तू असलास तर नायच येणार. जा पोरा. माझ्या घराचा काम होऊ दे."

मला म्हणायचं होतं की मला एवढं तरी करू दे. म्हटलं नाही. तेही माझ्यासाठीच झालं असतं.

मी जेवलो नाही, तिनंही थांबवलं नाही. कासा गावाला जाणारी जीप खालच्या सडकेवर मिळते, म्हणून बांधाच्या वाटेनं उतरलो. कासाला एका वीटभट्टीवर माणसं हवी होती, तिथेच चार दिवस राहावं, म्हणजे पाड्यात मी कुणाला दिसणार नाही, असं चालता चालता ठरवलं. वळणाशी आलो तर समोरून माणसं येत होती. पुढे जमना, कमरेवर घमेलं. मागे बाळ्या, खांद्यावर कुदळ. त्याच्या मागे शुक्रा आणि त्याची बायको.

वाट एका माणसापुरतीच. मी बांधावरून खाली शेतात उतरलो आणि त्यांना वाट दिली. जमना माझ्या हातभर अंतरावरून गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या अंगावर खणलेली माती होती, ती मात्र तिला दिसली असावी, कारण दोन पावलांवर तिची चाल जरा मंदावली. मला वाटलं, थांबेल. पण ती गेली, आणि तिच्या मागून बाकीचे गेले.

मी परत बांधावर चढलो नाही. कुणी वळून बघितलं असतं तर मी मागे येतोय असं वाटलं असतं, आणि कदाचित ते अर्ध्या वाटेतून परत फिरले असते. बांधाच्या आडोशाला तसाच ढेकळांवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं वरून कुदळीचे घाव ऐकू आले, आधी एक, मग दोन, मग मोजता येईनात. तेव्हा उठलो, आणि वाकून बांधाच्या कडेकडेनं जीप पकडायला गेलो.